खाणीतला पोर आणि राष्ट्राचा दवाखाना

आजारी माणसाच्या खिशात पैसे किती आहेत हे विचारण्यापूर्वी त्याला काय होते आहे हे विचारावे, ही गोष्ट ऐकायला अगदी साधी वाटते. परंतु ती एखाद्या देशाच्या कायद्यात आणि अंदाजपत्रकात उतरवायची म्हटली की भल्याभल्यांची गाळण उडते. दुसऱ्या महायुद्धाने कर्जबाजारी झालेल्या, अन्नधान्याचे रेशनिंग अजून संपलेले नसलेल्या ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी हे धाडस केले. राजापासून रस्ता झाडणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला डॉक्टर, औषध, रुग्णालय, दात आणि चष्मा हे सारे उपचाराच्या वेळी एकही पैसा न घेता मिळेल आणि त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होईल, अशी ती व्यवस्था होती. राष्ट्रीय आरोग्य सेवा या नावाने ती ओळखली जाते. तिची उभारणी करणारा मंत्री कोणी नामांकित डॉक्टर नव्हता, अर्थशास्त्रज्ञ नव्हता किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिजचा पदवीधरही नव्हता. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून कोळशाच्या खाणीत उतरलेला तो एक वेल्श कामगार होता. त्याचे नाव अनायरिन बेव्हन.

दक्षिण वेल्समधील ट्रेडेगार या खाणगावात १५ नोव्हेंबर १८९७ रोजी बेव्हन यांचा जन्म झाला. मित्रमंडळी त्यांना नाय म्हणत. मराठी कानाला हे नाव नकारार्थी वाटेल, आणि आयुष्यभर प्रस्थापितांना नकार देत आलेल्या या माणसाला ते शोभूनही दिसते. वडील डेव्हिड खाणकामगार, आई फीबी घर सांभाळणारी. दहा मुले झाली, पण त्यांतली सगळी काही मोठी झाली नाहीत. त्या काळी अशा वस्त्यांतून बालमृत्यू ही बातमी नसे, ती रीत असे. शाळेत नायची प्रगती बेताचीच होती. त्यातच तो बोलताना अडखळत असे. १९११ मध्ये तो टाय-ट्रिस्ट या खाणीत कामाला लागला.

खाणीने शरीर कमावले, पण मन घडवले ते गावातल्या कामगारांच्या वाचनालयाने. कामगारांनी आपल्या वर्गणीतून उभारलेल्या त्या ग्रंथालयात हा मुलगा हाती येईल ते वाचत सुटला. बोलताना अडखळणारा शब्द टाळून त्याच अर्थाचा दुसरा शब्द चटकन शोधण्याची सवय त्याने लावून घेतली. पुढे ब्रिटिश पार्लमेंटमधील अव्वल वक्त्यांमध्ये त्यांची गणना झाली, तिचे मूळ या धडपडीत आहे. १९१९ मध्ये दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघटनेने त्यांना शिष्यवृत्ती देऊन लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजात पाठवले. १९२१ मध्ये ते परतले तेव्हा खाणमालक त्यांना काम द्यायला तयार नव्हते. बेकारीची काही वर्षे त्यांनी भोगली.

१९२५ मध्ये वडील गेले. खाणीतील धुळीने फुप्फुसे निकामी होऊन आलेला तो मृत्यू होता. हा आजार त्या वेळच्या कायद्यात भरपाईयोग्य औद्योगिक रोगांच्या यादीत नव्हता, म्हणून कुटुंबाला छदामही मिळाला नाही. ज्या कामाने माणूस मारला, त्या कामाचा आणि मरणाचा संबंध कागदावर मान्यच नव्हता. आरोग्याचा प्रश्न बेव्हन यांच्यापुढे आला तो असा, स्वतःच्या घराच्या उंबरठ्यातून.

गावाने दाखवलेली वाट

तथापि, ट्रेडेगारने त्यांना केवळ दुःखच दिले नाही, त्यावरचा उपायही दाखवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कामगारांनी वैद्यकीय मदत संस्था स्थापन केली होती. प्रत्येक सभासद आपल्या मजुरीतील पाउंडामागे तीन पेनी संस्थेला देई. त्या काळी एका पाउंडाचे २४० पेनी होत, तेव्हा ही वर्गणी शेकडा सव्वा टक्का एवढीच होती. या पैशातून संस्था डॉक्टर नेमी, औषधे देई आणि दंतवैद्याची सोय करी. सभासदाबरोबर त्याच्या बायकामुलांनाही उपचार मिळत. हळूहळू जवळजवळ सारे गाव या छत्राखाली आले. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले ए. जे. क्रोनिन हे १९२०च्या दशकात याच संस्थेत डॉक्टर होते. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची द सिटाडेल ही कादंबरी वेल्समधील त्या अनुभवावर आधारलेली आहे. बेव्हन गावातल्या रुग्णालयाच्या समितीत काम करीत होते. डॉक्टरांचे पगार, खाटांची टंचाई, औषधांची बिले, सभासदांच्या तक्रारी या साऱ्या गोष्टी त्यांनी मंत्री होण्याच्या कितीतरी आधी हाताळल्या होत्या.

देशभरची स्थिती मात्र याहून निराळी होती. लॉइड जॉर्ज यांच्या १९११च्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या कामगारांना विम्याचा डॉक्टर मिळाला होता, परंतु त्याच्या पत्नीला आणि मुलांना नाही. रुग्णालयाचा खर्चही त्या विम्यात सामान्यतः धरलेला नव्हता. रुग्णालये दोन जातींची होती. एक धर्मादाय, म्हणजे देणग्या, वर्गण्या आणि रस्त्यावर डबे फिरवून जमवलेल्या पैशांवर चालणारी. दुसरी नगरपालिकांची. त्यांतली कित्येक जुन्या गरीब-कायद्याखालील अनाथ-निराधारांच्या दंडशाळांतून निघालेली होती. या दंडशाळांना इंग्रजीत वर्कहाउस म्हणत. गरिबाने तेथे जाणे म्हणजे अब्रू गमावणे, अशी भावना पिढ्यान्पिढ्या रुजली होती. म्हातारपणी तेथे जाऊन मरावे लागू नये, हीच ब्रिटनमधल्या लाखो गरिबांची शेवटची इच्छा असे.

१९२९ मध्ये बेव्हन एबू व्हेल मतदारसंघातून मजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले आणि मृत्यूपर्यंत त्या मतदारसंघाने त्यांना सोडले नाही. १९३४ मध्ये त्यांनी जेनी ली यांच्याशी विवाह केला. त्याही खाणकामगाराच्या कन्या आणि पार्लमेंटच्या माजी सदस्य होत्या. स्वपक्षाशीही बेव्हन यांचे फारसे जमत नसे. १९३९ मध्ये पक्षाने त्यांची हकालपट्टी केली होती आणि नंतर परत घेतले. युद्धकाळात चर्चिल यांच्यावर सभागृहात उघड टीका करणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक होते. ट्रिब्यून या साप्ताहिकाचे १९४१ ते १९४५ या काळात ते संपादक होते. अशा बंडखोराच्या हाती सत्ता येईल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मंत्री

१९४५च्या निवडणुकीत मजूर पक्षाने प्रचंड बहुमत मिळवले. पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी बेव्हन यांना आरोग्यमंत्री केले. ते मंत्रिमंडळातील सर्वांत तरुण सदस्य होते. त्या खात्याकडे तेव्हा घरबांधणी आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषयही होते. बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या देशात घरे बांधणे आणि नवी आरोग्य व्यवस्था उभारणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या शिरावर आली.

राष्ट्रव्यापी आरोग्य सेवेची कल्पना सर्वस्वी बेव्हन यांची होती असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९४२च्या डिसेंबरात विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. हे बेव्हरिज बंगालमधील रंगपूर येथे जन्मलेले, एका आयसीएस अधिकाऱ्याचे चिरंजीव. सर्वांसाठी आरोग्य सेवा असल्याखेरीज सामाजिक विम्याची कोणतीही योजना टिकणार नाही, असे गृहीतक त्यांनी मांडले होते. १९४४ मध्ये हुजूर पक्षाचे आरोग्यमंत्री हेन्री विलिंक यांनी श्वेतपत्रिकाही काढली होती. युद्धाच्या काळात जखमींच्या सोयीसाठी सरकारने रुग्णालयांना पैसा पुरवला होता आणि त्यांचे नियोजनही हाती घेतले होते. जमीन अशी नांगरलेली होती. प्रश्न होता तो पेरायचे काय आणि कोणी, हा.

येथे बेव्हन यांनी दोन निर्णायक पावले टाकली. पहिले पाऊल मालकीचे. धर्मादाय असोत वा नगरपालिकांची, जवळजवळ सर्व रुग्णालये राष्ट्राच्या मालकीची करायची. मंत्रिमंडळातच याला कडवा विरोध झाला. लंडन कौंटी कौन्सिलचे एकेकाळचे नेते हर्बर्ट मॉरिसन यांना नगरपालिकांच्या हातून रुग्णालये काढून घेणे मान्य नव्हते. बेव्हन यांचे म्हणणे असे की, श्रीमंत नगरपालिकेच्या हद्दीत उत्तम रुग्णालय आणि गरीब नगरपालिकेच्या हद्दीत मोडका दवाखाना, ही विषमता स्थानिक करांवर अवलंबून राहून कधीच मिटणार नाही. पैसा जर देशाच्या तिजोरीतून द्यायचा, तर जबाबदारीही देशाच्या मंत्र्यानेच पार्लमेंटपुढे घ्यावी. अखेर ॲटली यांनी कौल बेव्हन यांच्या बाजूने दिला. इंग्लंड आणि वेल्समधील अडीच हजारांहून अधिक रुग्णालये सरकारकडे आली आणि त्यांच्या कारभारासाठी चौदा प्रादेशिक मंडळे नेमण्यात आली.

दुसरे पाऊल पैशाचे. विम्याचे हप्ते भरणाऱ्यालाच उपचार, हा मार्ग त्यांनी नाकारला. हप्ता भरलेला आणि न भरलेला अशी वर्गवारी केली की बेकार, विधवा, अपंग आणि मुले हीच नेमकी बाहेर राहतात, हे त्यांनी खाणपट्ट्यात पाहिले होते. म्हणून खर्चाचा मोठा भार सर्वसाधारण करांवर टाकण्यात आला, राष्ट्रीय विम्यातून येणारा वाटा लहानच ठेवला. ज्याची मिळकत अधिक त्याने कर अधिक भरावा आणि ज्याचा आजार अधिक त्याला उपचार अधिक मिळावेत, असा हा साधा हिशेब. ट्रेडेगारच्या तीन पेनींचे तत्त्व आता एका राष्ट्राच्या अंदाजपत्रकाला लावले गेले होते.

डॉक्टरांशी सामना

या योजनेचा खरा अडसर ठरले ते डॉक्टर. १९४६च्या नोव्हेंबरात कायदा संमत झाला, पण डॉक्टरच आले नाहीत तर कायदा कागदावरच राहणार होता. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनला भीती होती ती आपण सरकारचे पगारी नोकर होऊ याची. १९४८च्या फेब्रुवारीत असोसिएशनने मतदान घेतले, तेव्हा दहांतील नऊ डॉक्टरांनी विरोधात कौल दिला. सेवा सुरू व्हायला पाच महिने उरले होते.

बेव्हन यांच्याविषयी तापट भाषणबाज अशी समजूत होती, पण वाटाघाटींत ते कमालीचे धूर्त आणि लवचीक निघाले. डॉक्टरांचा समुदाय एकसंध नाही हे त्यांनी ओळखले. मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञांना त्यांनी आधी आपलेसे केले. त्यांना सरकारी रुग्णालयांत पगार, तेथेच खासगी रुग्णांसाठी काही खाटा आणि गुणवत्तेनुसार जादा मानधन देऊ केले. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरन यांनी यात मध्यस्थी केली. समाजवादी मंत्र्याने सरकारी रुग्णालयात खासगी खाटा ठेवाव्यात, हे त्यांच्या कित्येक अनुयायांना रुचले नाही. तज्ज्ञांचे तोंड आपण सोन्याने बंद केले, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी पुढे काढल्याचे सांगितले जाते.

राहता राहिले कुटुंबांचे डॉक्टर. त्यांना पूर्ण पगारी सेवेत ओढणार नाही, नोंदवलेल्या रुग्णांच्या संख्येवर मोबदला मिळेल, अशी हमी एप्रिल १९४८ मध्ये त्यांनी दिली आणि तसा दुरुस्ती कायदा करण्याचे मान्य केले. डॉक्टरांनी आपली प्रॅक्टिस विकण्याची चाल बंद केली, पण त्या बदल्यात ६ कोटी ६० लाख पाउंडांची भरपाई ठेवली. दुसऱ्या मतदानात विरोध बराच ओसरला. नेमलेल्या दिवशी बहुसंख्य डॉक्टर सेवेत दाखल झाले होते.

५ जुलै १९४८ रोजी बेव्हन मँचेस्टरजवळील डेव्हीहुल्म येथील पार्क हॉस्पिटलमध्ये गेले आणि तेथे या सेवेचा प्रारंभ झाला. त्याच्या आदल्याच दिवशी मँचेस्टरच्या सभेत तारुण्यातली उपासमार आठवून त्यांनी हुजूर पक्षाला अत्यंत हीन प्राण्यांची उपमा दिली होती. एवढ्या मोठ्या कार्याच्या तोंडावर आलेल्या या कडवट शब्दांनी त्यांचे आणि पक्षाचे बरेच नुकसान केले.

त्यानंतर जे दिसले त्याने सरकारही चक्रावले. वर्षानुवर्षे दुखणी अंगावर काढणारे लोक दवाखान्यांपुढे रांगा लावू लागले. बाजारातून स्वस्तातला चष्मा उचलून त्यावर भागवणारे, दातांअभावी अन्न चावता न येणारे, कित्येक प्रसूतींनंतर जडलेली दुखणी मुकाट सोसणाऱ्या स्त्रिया, अशी माणसे पुढे आली. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. खर्च अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेला. टीकाकारांनी याला उधळपट्टी म्हटले. वास्तविक ती कित्येक पिढ्यांची थकबाकी होती, आणि ती आता एकदम वसूल होत होती.

त्याच दिवशीचा दुसरा कायदा

५ जुलै १९४८ या तारखेला आणखी एक कायदा अमलात आला, त्याची आठवण फारशी काढली जात नाही. तो म्हणजे राष्ट्रीय साहाय्य कायदा. शतकानुशतके चालत आलेला गरीब-कायदा त्याने रद्द केला आणि दंडशाळेचे भूत कागदोपत्री तरी गाडले. वय, अपंगत्व वा अन्य कारणाने ज्यांना काळजी आणि देखरेखीची गरज आहे, त्यांच्यासाठी निवासाची सोय करणे हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्तव्य ठरले. हा कायदाही पार्लमेंटपुढे मांडला तो बेव्हन यांनीच.

वृद्धांच्या निवासांविषयी त्यांची कल्पना सुंदर होती. हजारो माणसे कोंबलेल्या जुन्या इमारती जाव्यात आणि त्यांच्या जागी पंचवीस-तीस माणसांची छोटी घरे यावीत, असे त्यांना वाटे. श्रीमंत म्हातारी माणसे जशी निवासी हॉटेलात पैसे भरून मानाने राहतात, तसे सामान्य वृद्धानेही राहावे. धर्मादायाचा मिंधेपणा नको, म्हणून त्याने आपल्या पेन्शनीतून भाडे द्यावे. आठवड्याची पेन्शन २६ शिलिंग होती. त्यांतले २१ शिलिंग राहण्या-जेवण्याचे आणि ५ शिलिंग वृद्धाच्या हातखर्चाला, असा हिशेब ठरला. ज्याच्याजवळ अधिक पैसा त्याने अधिक द्यावे. भाडे भरणारा माणूस आश्रित नसतो, तो राहणारा असतो, अशी त्यामागची भावना होती.

परंतु एकाच दिवशी, एकाच मंत्र्याच्या हातून झालेल्या या दोन कायद्यांनी एक रेषा आखली. आजारी माणूस रुग्णालयात असेल तर त्याचा खर्च राष्ट्राच्या करांतून आणि मोफत. तोच माणूस वृद्ध आणि अशक्त म्हणून निवासात असेल तर खर्च स्थानिक संस्थेचा आणि त्याच्या स्वतःच्या खिशातला. कागदावर ही रेषा स्पष्ट दिसते, माणसाच्या शरीरावर ती आखता येत नाही. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना आजारी म्हणायचे की वृद्ध? स्मृती हरवलेल्या आजीला हवी असते ती शुश्रूषा की देखभाल? डॉ. मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात दाखवून दिले होते की, कायमचे अंथरुणाला खिळलेले म्हणून टाकून दिलेले अनेक वृद्ध योग्य उपचारांनी पुन्हा उठून चालू लागतात. वार्धक्य आणि आजार यांच्यातली सरहद्द किती फसवी आहे, हेच त्यांच्या कामातून दिसत होते.

शिवाय पैसा नव्हता. युद्धोत्तर टंचाईत सिमेंट आणि पोलाद आधी घरांना आणि कारखान्यांना हवे होते. नवे निवास हळूहळू बांधले गेले आणि जुन्या दंडशाळाच रंग देऊन, नाव बदलून वापरात राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस अशा निवासांची पाहणी केली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातून पुढे आलेले चित्र विदारक होते. बेव्हन यांच्या कल्पनेतले हॉटेल फारच थोड्यांच्या वाट्याला आले होते.

चष्म्यासाठी दिलेले मंत्रिपद

आरोग्य सेवेच्या खर्चावरून सरकारातच ओढाताण सुरू झाली. १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकारण्याची मुभा देणारी तरतूद बेव्हन यांना नाइलाजाने स्वीकारावी लागली. तिची अंमलबजावणी मात्र त्यांनी होऊ दिली नाही. १९५०मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिकेच्या आग्रहाने ब्रिटनने तीन वर्षांसाठी ४७० कोटी पाउंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम आखला. अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी एप्रिल १९५१च्या अंदाजपत्रकात कवळ्या आणि चष्मे यांच्यावर निम्म्या किमतीएवढे शुल्क लावले. त्यातून पहिल्या वर्षी वाचणार होते ते अवघे १ कोटी ३० लाख पाउंड.

बेव्हन त्या वेळी मजूरमंत्री झाले होते, आरोग्य खाते त्यांच्याकडे राहिले नव्हते. तरीही त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही बाहेर पडले. यापैकी विल्सन पुढे पंतप्रधान झाले. एवढ्या किरकोळ रकमेसाठी मंत्रिपद सोडणे हा अनेकांना अहंकार वाटला. गेट्स्केल यांच्याशी असलेली स्पर्धा हेही एक कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बेव्हन यांचा युक्तिवाद रकमेचा नव्हता. आज चष्म्यावर शुल्क बसले तर उद्या औषधावर बसेल, आणि दाराशी पुन्हा पैशाचा प्रश्न उभा राहील, असे ते म्हणत होते. एवढी शस्त्रे एवढ्या थोड्या काळात तयार करणे देशाला झेपणारच नाही, हेही त्यांनी बजावले. दोन्ही बाबतींत काळाने त्यांना फार वेळ थांबवले नाही. सत्तेवर आलेल्या चर्चिल सरकारला शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम लांबवावा लागला आणि १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग लागूही झाला.

आरोग्य सेवा देशाला परवडत नाही, ही ओरड मात्र थांबेना. तेव्हा हुजूर सरकारने १९५३ मध्ये क्लॉड गिलबॉ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीकडून उधळपट्टीचा पुरावा मिळेल अशी अनेकांची अपेक्षा होती. ब्रायन एबल-स्मिथ आणि रिचर्ड टिटमस या अभ्यासकांनी आकडे तपासले, आणि १९५६च्या अहवालात निराळेच निष्पन्न झाले. राष्ट्रीय उत्पन्नातील आरोग्य सेवेच्या खर्चाचा वाटा वाढण्याऐवजी काहीसा घटला होता. नवी रुग्णालये बांधण्यावर तर फारच कमी खर्च होत होता. ज्या सेवेला उधळी म्हटले जात होते, ती प्रत्यक्षात काटकसरीने चालत होती.

बेव्हन यांच्या रचनेतही दोष होते. रुग्णालयांना पैसा मिळे तो साधारणपणे आदल्या वर्षीच्या खर्चावर बेतून. त्यामुळे लंडनसारख्या सुस्थितीतील भागांना अधिक आणि खाण-कारखान्यांच्या गरीब भागांना कमी, ही जुनी विषमता टिकून राहिली. गरजेनुसार पैसा वाटण्याचे सूत्र सुचवले गेले ते १९७६ मध्ये. रुग्णालये एका यंत्रणेकडे, कुटुंबांचे डॉक्टर दुसरीकडे आणि घरी येणाऱ्या परिचारिका, लसीकरण, वृद्धांचे निवास हे स्थानिक संस्थांकडे, अशी वाटणी झाल्याने रुग्ण कित्येकदा या तिघांच्या मधल्या फटीत अडकत असे. वृद्ध रुग्ण तर हमखास.

मागे उरलेला प्रश्न

राजीनाम्यानंतर बेव्हन पुन्हा मंत्री झाले नाहीत. १९५२ मध्ये त्यांनी आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. १९५५ मध्ये पक्षाने त्यांच्यावर पुन्हा कारवाई केली, १९५९ मध्ये त्याच पक्षाने त्यांना उपनेतेपद दिले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. निदान कर्करोगाचे होते. ६ जुलै १९६० रोजी, आरोग्य सेवेला बारा वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बकिंगहॅमशायरमधील आपल्या शेतघरी त्यांचे निधन झाले. वय होते ६२. त्यांची रक्षा ट्रेडेगारच्या वरच्या डोंगरमाथ्यावर विखुरण्यात आली. जेनी ली पुढे कला खात्याच्या मंत्री झाल्या आणि ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाच्या स्थापनेत त्यांनी मोठा वाटा उचलला. २००४ मध्ये वेल्सच्या जनतेने आपल्या थोर व्यक्तींसाठी मतदान केले, तेव्हा पहिल्या क्रमांकावर बेव्हन होते. त्याच वेल्सने २००७ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवरचे शुल्क पूर्णपणे रद्द केले.

आरोग्य सेवा टिकली. मार्गारेट थॅचर यांच्यासारख्या खासगीकरणाच्या पुरस्कर्त्या पंतप्रधानांनाही तिच्या मूळ तत्त्वाला हात लावणे जमले नाही. १९४८ची ती रेषा मात्र अधिकाधिक खोल होत गेली. रुग्णालयांतील वृद्धांच्या दीर्घ मुदतीच्या खाटा कमी होत गेल्या आणि ती माणसे खासगी शुश्रूषागृहांत गेली. १९८०च्या दशकात त्यांचा खर्च सामाजिक सुरक्षेच्या खात्यातून मोठ्या प्रमाणावर दिला जाऊ लागला. तो आकडा आवाक्याबाहेर जाताच १९९३ पासून ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली. ज्याच्याकडे थोडीफार बचत वा स्वतःचे घर आहे, त्याला शुश्रूषागृहाच्या खर्चासाठी ते मोडावे लागू लागले. १९९९ मध्ये रॉयल कमिशनने वृद्धांची वैयक्तिक देखभालही करांतून मोफत असावी अशी शिफारस केली. स्कॉटलंडने ती २००२ मध्ये अमलात आणली, इंग्लंडने नाही. इंग्लंडमध्ये २००१ पासून शुश्रूषागृहातील परिचारिकेच्या कामापुरता खर्च आरोग्य सेवा उचलू लागली, बाकीचा भार तसाच राहिला. एका व्यक्तीवर आयुष्यात पडणाऱ्या या खर्चाला कमाल मर्यादा घालण्याचा कायदा २०१४ मध्ये झाला, तो वारंवार पुढे ढकलला गेला आणि २०२४ मध्ये ती योजनाच रद्द झाली. कर्करोग झाला तर राष्ट्र पाठीशी आणि स्मृतिभ्रंश झाला तर घर विकायला काढा, असा हा विचित्र न्याय आहे. तो कोणी हेतूतः केला नाही. भाडे भरून मानाने राहण्याच्या एका उदात्त कल्पनेच्या पोटी तो जन्मला.

हा इतिहास आपल्यालाही परका नाही. लंडनमध्ये बेव्हन आपल्या विधेयकाची जुळवाजुळव करीत होते, त्याच सुमारास हिंदुस्थानात आरोग्य पाहणी समिती आपला अहवाल पुरा करीत होती. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये नि:संदिग्धपणे मांडले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांची आपली सारी साखळी त्या अहवालातून उगवली. परंतु तत्त्वाबरोबर तिजोरी उघडली गेली नाही. सार्वजनिक आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठेवले. भोर यांच्या अहवालानंतर सात दशकांनी ठेवलेले ते उद्दिष्ट होते, यातच सारे आले. वृद्धांच्या शुश्रूषेचा प्रश्न तर आपण अजून मुलासुनांच्या आणि लेकीबाळींच्या भरवशावरच सोडून दिला आहे.

बेव्हन यांचे जीवन पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. त्यांनी नवे औषध शोधले नाही, नवे तंत्र आणले नाही. बिल कोणी भरायचे, या एका प्रश्नाचे उत्तर त्यांनी बदलले आणि त्याने कोट्यवधी माणसांच्या मनातली आजारपणाची धास्ती बदलली. ज्या ठिकाणी ते उत्तर त्यांनी अर्धवट सोडले, तेथे ती धास्ती आजही तशीच आहे. सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्याही योजनेची परीक्षा अखेर याच जागी होते. माणूस सर्वांत दुबळा असतो त्या क्षणी आधी त्याची नाडी तपासली जाते की त्याची पुंजी, एवढेच पाहायचे असते.